पियानोलाच्या जुन्या नळ्या बदलायच्या आहेत: कोणती नळी घ्यावी आणि शोधावी कशी?

थेम्सकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लंडनच्या पश्चिम भागात आम्ही राहतो तेथून ब्रेंटफर्डचे म्युझिकल म्युझियम फार दूर नाही. फ्रँक हॉलंड यांनी १९६३ साली उभे केलेले हे संग्रहालय मी प्रथम पाहिले, तेव्हा आपोआप वाजणाऱ्या पियानोसमोरून माझा पाय निघेना. गेल्या वर्षी परिचयातल्या एका वृद्ध बाईंनी घर बदलताना आपला १९२०च्या दशकातला उभा पियानोला मला देऊन टाकला आणि तेव्हापासून माझे शनिवार-रविवार त्याच्यापुढेच जातात.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या पेटीत भाता हवा ढकलतो; पियानोलात पायाखालची दोन पेडले मारली की भाते हवा शोषून घेतात. भोके पाडलेला कागद एका पितळी पट्टीवरून सरकत जातो. या पट्टीला ट्रॅकर बार म्हणतात. कागदातले भोक पट्टीतल्या भोकावर आले की बाहेरची हवा तेथून आत शिरते, नळीतून खाली जाते, पातळ चामड्याची एक टिकली वर उचलते, टिकली झडप उघडते आणि त्या स्वराचा चिमुकला भाता मिटून पियानोचा हातोडा तारेवर पडतो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी, म्हणजे ८८ नळ्या. शिवाय पेडलांसाठी आणि आवाज लहान-मोठा करण्यासाठी आणखी काही.

या नळ्याच आता संपल्या आहेत. अर्ध्याहून अधिक नळ्या मूळच्या काळ्या रबराच्या असून त्या वाळलेल्या काडीसारख्या मोडतात. उरलेल्यांच्या जागी पूर्वी कोणीतरी पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या बसवल्या होत्या. त्या पिवळ्या पडून ताठ झाल्या आहेत आणि ज्यांवर नळ्या चढवलेल्या असतात त्या पितळी तोट्यांवर हिरवा, चिकट थर चढला आहे. नवी नळी कोणत्या द्रव्याची घ्यावी, माप कसे ठरवावे आणि ती शोधावी कोठे, असे माझे तीन प्रश्न आहेत. येथे वाद्यदुरुस्ती करणारे सदस्य आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी येथेच विचारतो.

खर्ज

मी कोल्हापुरात पेट्या आणि संगीत नाटकांतले जुने ऑर्गन दुरुस्त करतो. पियानोला कधी उघडलेला नाही, पण ऑर्गनही हवा शोषूनच वाजतो, त्यामुळे आपले वर्णन वाचताना सगळे ओळखीचे वाटले. आमच्याकडे बारीक नळी लागली की औषधांच्या दुकानातून लॅटेक्सची नळी आणायची पद्धत आहे. ती मऊ असते, तोटीवर घट्ट बसते आणि कोणत्याही गावात मिळते. तेथेही ती सहज मिळेल असे वाटते.

गंधक

खर्ज यांच्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे, तरीही लॅटेक्स घेऊ नका असे मी आग्रहाने सांगेन. माझा व्यवसाय रबराच्या रसायनशास्त्राचा आहे, म्हणून कारण थोडे विस्ताराने लिहितो.

नैसर्गिक रबरात गंधक मिसळून ते तापवले की त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि ते लवचीक व टिकाऊ होते. परंतु हवेतला प्राणवायू त्या साखळ्यांवर वर्षानुवर्षे काम करीत राहतो, नवनवे बंध तयार होतात आणि रबर कडक होत जाते. आपल्या काळ्या नळ्यांचे हेच झाले आहे. शंभर वर्षांनी असे होणे हा त्या कारखान्याचा दोष मानता येणार नाही. लॅटेक्सच्या पातळ नळीत मात्र हीच क्रिया फार लवकर होते, कारण ती नळी काही वेळा वापरून टाकून देण्यासाठीच बनवलेली असते. माझ्या पाहण्यात ती थोड्याच वर्षांत चिकट होऊन नंतर चिरली आहे.

याहून घातक ओझोन. तो हवेत अत्यल्प असतो, पण ताणलेल्या रबरावर तो आडव्या चिरा पाडतो. सैल रबराला जवळजवळ काही करीत नाही. म्हणून जुनी नळी सहसा मध्ये फाटत नाही. ती तोटीवर चढवलेल्या टोकाशी किंवा वळणाच्या बाहेरच्या बाजूला फाटते, कारण ताण तेथेच असतो.

प्लास्टिकची नळी पीव्हीसीची असणार. पीव्हीसी मुळात कडक असते आणि त्यात तेलकट द्रव्य घालून ते मऊ केलेले असते. कालांतराने ते द्रव्य बाहेर झिरपते, नळी ताठ होते आणि पितळातल्या तांब्याशी संयोग होऊन आपण पाहिला तो हिरवा थर बनतो. ही नळी स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी असल्यामुळे मधल्या पिढीतल्या अनेकांनी ती विश्वासाने वापरली. त्यांना दोष देऊ नये, पण तिची पुनरावृत्तीही करू नये.

माझी पसंती निओप्रीनला. ओझोन आणि प्राणवायू या दोहोंपुढे ते नैसर्गिक रबरापेक्षा फार चांगले टिकते. ईपीडीएम नावाचे दुसरे कृत्रिम रबरही ओझोनला दाद देत नाही, मात्र बारीक मापात ते शोधावे लागते.

खर्ज

गंधक यांचे म्हणणे पटले. माझ्याकडच्या एका ऑर्गनची नळी दोन पावसाळ्यांतच चिकट झाली होती. दोष दमट हवेचा असे मी समजत होतो. फाटली होती मात्र नेमकी तोटीपाशीच.

पवनचक्की

मी उट्रेख्टजवळ राहतो आणि तेथल्या आपोआप वाजणाऱ्या वाद्यांच्या स्पीलक्लोक संग्रहालयाच्या ओढीने या छंदात पडलो. द्रव्याची चर्चा महत्त्वाची आहेच, पण धागाकर्त्यांना खरी अडचण मापाची येणार आहे. ती आधी सोडवावी.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या नळीचे माप घेऊ नका. ती तोटीवर शंभर वर्षे ताणलेली राहून त्याच आकाराची झाली आहे, त्यामुळे तिचे छिद्र मूळ मापापेक्षा मोठे भरते. तोटी स्वच्छ करून व्हर्नियर कॅलिपरने तिचा बाहेरचा व्यास मोजा, आणि एकच नव्हे तर दहा-बारा तोट्या मोजा, कारण पट्टीवरच्या तोट्या आणि झडपा असलेल्या खालच्या लाकडी पेटीवरच्या तोट्या एकाच मापाच्या असतील असे नाही. नळीचे छिद्र त्या व्यासाच्या सुमारे दहा टक्के कमी असावे. त्याहून सैल नळी हवा गळू देते आणि त्याहून घट्ट नळी, गंधक यांनी सांगितल्याप्रमाणे, ताणामुळे लवकर चिरते. छिद्र तपासायला मी ड्रिलच्या बिटांची गुळगुळीत मागची टोके वापरतो. हे मापक प्रत्येकाच्या घरी असतेच.

दुसरी गोष्ट अशी की ही वाद्ये इंचांच्या जगात जन्मली आणि आपण मिलिमीटरच्या जगात नळी विकत घेतो. या छंदातले निम्मे वाया गेलेले पैसे या दोन जगांच्या मधल्या फटीत पडलेले असतात.

थेम्सकाठी

आज बारा तोट्या मोजल्या. अकरा तोट्या ४.० मिमी भरल्या आणि एक ३.९. खालच्या पेटीवरच्याही तेवढ्याच आहेत. जवळच्या दुकानात ३ मिमी आणि ४ मिमी छिद्राच्या नळ्या आहेत. यांतली कोणती घ्यावी?

पवनचक्की

दोन्ही नकोत. ४ मिमी म्हणजे जवळजवळ ५/३२ इंच, त्यामुळे ४ मिमीची नळी तोटीवर नुसती बसेल, धरणार नाही. ३ मिमीची नळी चढवाल तर ती एक तृतीयांशाने ताणली जाईल. आपल्याला हवे ते माप ९/६४ इंच, म्हणजे ३.५७ मिमी. पियानोलाचे सुटे भाग पुरवणारे लोक याच मापाची निओप्रीनची नळी ठेवतात. इंग्लंडमध्ये प्लेअर पियानो ग्रुप आणि अमेरिकेत अमिका या छांदिष्टांच्या संस्था आहेत. त्यांच्या सभासदांकडे चौकशी केलीत तर पुरवठादाराचा पत्ता मिळेल. ते जमले नाही तर प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्यांकडे ३.५ मिमीची नळी विचारा, कारण सामान्य दुकानात हे अर्धे माप ठेवलेले नसते.

गाडीवान

मोटारींच्या इंजिनात व्हॅक्यूम होज असतो, आणि तो ३.५ मिमी छिद्राचा सिलिकॉनमध्येही मिळतो. इंजिनाची उष्णता आणि शोषण सहन करणारी नळी पियानोत तर कायमची टिकेल. ती का घेऊ नये?

पवनचक्की

प्रश्न योग्य आहे, आणि मीही एकदा याच मार्गाने गेलो होतो. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली जागेची. अमेरिकेतल्या बफेलो येथे १९०८ साली उत्पादकांनी एकत्र येऊन ८८ स्वरांच्या कागदासाठी इंचाला ९ भोके हे प्रमाण ठरवले. (जुन्या ६५ स्वरांच्या कागदात ते इंचाला ६ होते.) म्हणजे शेजारशेजारच्या दोन भोकांत केवळ २.८ मिमी अंतर उरते. एवढ्यात कोणतीच नळी मावत नाही, म्हणून पट्टीच्या मागे तोट्या एकाआड एक वर-खाली अशा ओळींत बसवलेल्या असतात. माझ्या वाद्यात तीन ओळी आहेत, त्यामुळे एकाच ओळीतल्या शेजारच्या तोट्यांमध्ये साडेआठ मिमी मिळतात. मोटारीची नळी जाड भिंतीची असते. तोटीवर चढून फुगल्यावर ती ८ मिमीच्या पुढे गेली आणि मला शेवटच्या वीस नळ्या बसवताच येईनात. जोर लावला तेव्हा एका तोटीचा झाळलेला सांधा सुटला.

दुसरी अडचण अशी की त्या जाडीची येथे गरजच नाही. मोटारीचे इंजिन मंद चालताना पाऱ्याच्या १८ ते २० इंचांएवढे शोषण होते. पियानोलात पाय जोरात मारला तरी पाण्याचे ४० इंच म्हणजे पुष्कळ झाले आणि पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने ते पाऱ्याचे जेमतेम ३ इंच भरतात. आपली नळी शोषणाने चपटी होण्याची भीती नाही. तीव्र वळणावर तिला मोड पडण्याची भीती आहे, आणि भिंत निवडताना तेवढेच पाहायचे.

गंधक

सिलिकॉनबद्दल भर घालतो. वय आणि ओझोन यांच्या बाबतीत ते उत्तमच आहे. मात्र त्याला एकदा बारीकशी खाच पडली की तेथून ते सहज फाटत जाते, आणि नेहमीचा कोणताही गोंद त्याला धरत नाही. धारदार कडेच्या जुन्या तोटीवर मी ते चढवणार नाही.

अबोली

आमच्या घरी मुलांना या वाद्याचा व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून धाकटी विचारते आहे की कळा दाबणारा माणूस दिसत का नाही. तिला धागाकर्त्यांचे टिकली आणि झडपेचे वर्णन वाचून दाखवले आणि तिने ते नीट समजून घेतले. वाचनखूण साठवली आहे.

मोडी

मी संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचे काम करते, म्हणून थोडा वेगळा मुद्दा मांडते. धागाकर्त्यांच्या वाद्यात रबर आहे म्हणून निर्णय सोपा आहे. रबर परत मऊ होत नाही, ते बदलावेच लागते. परंतु अनेक कारखान्यांनी, विशेषतः जर्मन कारखान्यांनी, शिशाच्या नळ्या वापरल्या होत्या, आणि हा धागा वाचून कोणी त्या सरसकट उपटून टाकील अशी मला काळजी वाटते. शिशाची नळी निरोगी असेल तर ती आपणा सर्वांपेक्षा अधिक जगेल. ती ज्या वळणांनी नेली आहे ती वळणे एखाद्या कारागिराच्या हातची आहेत, आणि एकदा सरळ केली की ती परत येत नाहीत.

शिशाचा शत्रू म्हणजे लाकडातून, विशेषतः ओकमधून, निघणारे ॲसेटिक आम्ल. बंद खोक्यात त्याची वाफ साचते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. ल्यूबेकच्या सेंट याकोबी चर्चमधल्या स्टेलवागन ऑर्गनच्या नळ्यांना हाच रोग झाला होता आणि गोथेनबर्गच्या संशोधकांनी इतरांसह त्याचा सविस्तर अभ्यास केला. जी नळी पांढरी पडून तिला छिद्रे पडली आहेत तेवढीच बदलावी, शेजारची नाही.

आणखी एक विनंती. निओप्रीन १९३१ साली जाहीर झाले, त्यामुळे १९२०च्या दशकातल्या पियानोत ते मूळचे असणे शक्य नाही. ते वापरायला माझी हरकत मुळीच नाही. पण आपण काय बदलले हे पुढच्या माणसाला कळले पाहिजे. जुन्या नळ्यांचे तुकडे आणि मापांची चिठ्ठी वाद्याच्या आतच ठेवा.

अबोली

शिसे विषारी असते ना? घरात मुले असताना असे वाद्य ठेवावे का?

गंधक

अखंड, न छेडलेली नळी बंद खोक्यात असेल तर धोका फारसा नाही. धोका त्या पांढऱ्या भुकटीचा आहे. ती घासू नये, फुंकू नये, झाडू नये. हातमोजे आणि चांगला मास्क वापरून ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडके घरात धुऊ नये. नळीतून हवा जाते की नाही हे पाहायला अनेक जण ती तोंडात धरतात. शिशाच्या नळीबाबत असे कधीही करू नये. मुलांना त्या वेळी खोलीत येऊ देऊ नका.

लेकमिशिगन

शिकागोजवळ माझा एक पियानोला आहे आणि त्याच्या सगळ्या नळ्या मी स्वतः बदलल्या. हाताने केलेल्या कामाचे चार शब्द सांगतो.

कडक रबर ओढून काढू नका. पट्टीच्या तोट्या नुसत्या झाळलेल्या असतात आणि ओढताना त्या मुळासकट येतात. तोटीच्या लांबीत पात्याने हलकी रेघ मारा आणि पकडीने दाबून रबर फोडा. ते शेंगदाण्याच्या टरफलासारखे सुटते. आत पडलेले तुकडे मात्र लगेच शोषून घ्या, कारण एक कण जरी खालच्या बारीक छिद्रात गेला तरी तो स्वर बसतो.

लांबीसाठी मी प्रत्येक नळीच्या मार्गाने सुतळी नेली आणि मोजली. बेरीज ६२ मीटर झाली आणि मी ७५ मागवले. उरलेले सगळे उपयोगी पडले, कारण पहिल्या दहा नळ्या मी आखूड कापल्या होत्या. नळी तोटीपासून तोटीपर्यंत ताणून नेऊ नका; वळण मोठे ठेवा.

एका मुद्द्यावर माझे पवनचक्की यांच्याशी थोडे वेगळे मत आहे. दहा टक्के हा नियम नव्या, गुळगुळीत तोटीसाठी ठीक आहे. गंजून खडबडीत झालेल्या तोटीवर मला थोडी अधिक घट्ट नळी लागली.

पवनचक्की

मान्य. माझ्या तोट्या चांगल्या होत्या, म्हणून मला तो प्रसंग आला नाही. तरी शक्य असेल तेथे आधी तोटी गुळगुळीत करावी आणि मगच नळीचे माप ठरवावे असे मला वाटते.

मोडी

लेकमिशिगन यांना विचारते: एकेक जुनी काढून लगेच नवी बसवली, की सर्व एकदम काढल्या?

लेकमिशिगन

सर्व एकदम, आणि त्याचा मला पश्चात्ताप झाला. तोट्या तीन ओळींत असल्यामुळे डावीकडून उजवीकडे क्रम लावताना डोळा फसतो. चिठ्ठ्या बांधल्या होत्या, त्यांतल्या सहा गळून पडल्या. पुन्हा करायचे झाले तर दहा-दहाच्या गटाने करीन: दहा काढायच्या, तोट्या घासायच्या, दहा बसवायच्या.

खर्ज

लाकडात बसवलेल्या तोट्या हलत असतील तर त्या कशाने पक्क्या करतात? आम्ही अशा जागी चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, लावतो.

पवनचक्की

आनंदाची गोष्ट म्हणजे तेथेही चपडाच लावतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा काकवीसारखा दाट करून तोट्यांच्या बुडाशी लावण्याची रीत कारखान्यांतही होती. पूर्वी दाट करण्यासाठी तो पेटवीत असत. आपण घरात तसे करू नये, भांडे उघडे ठेवून स्पिरिट उडू द्यावे. चपड्याचा गुण असा की तो हवाबंद होतो आणि गरज पडली तर थोड्या उष्णतेने सुटतोही. इपॉक्सी लावलेली तोटी मात्र लाकूड फोडल्याशिवाय निघत नाही.

खर्ज

वाचून फार बरे वाटले. माझे वडील ऑर्गनच्या पाटाच्या भेगा असाच दाट चपडा भरून बुजवीत आणि नव्या मुलांना सांगत की नंतर उघडता येईल तेच लावायचे. आजवर मी ही रीत केवळ आमच्या घराची समजत होतो.

थेम्सकाठी

सर्वांना उत्तर द्यायला तीन महिने लागले, कारण काम पूर्ण करूनच लिहायचे ठरवले होते.

९/६४ इंचाची निओप्रीनची नळी एका पुरवठादाराकडे मिळाली. ती शोधायला जेवढा वेळ लागला त्याहून अधिक वेळ तोट्यांवरचा हिरवा थर काढण्यात गेला. नळ्या दहा-दहाच्या गटाने बदलल्या. पाच तोट्या हलत होत्या, त्यांना चपडा लावला. एकूण ६४ मीटर नळी लागली.

मग पट्टीवर सर्व भोके झाकणारी चिकटपट्टी लावली आणि पेडल मारले. एक स्वर सोडला तर एकही बोलला नाही आणि भाते बराच वेळ ताठ राहिले, म्हणजे मोठी गळती नव्हती. नंतर एकेक भोक उघडत गेलो. चौऱ्याऐंशी स्वर आपापल्या जागी वाजले. दोन शेजारचे स्वर एकमेकांच्या जागी वाजत होते. नळ्या उलटसुलट लागल्या होत्या. एक स्वर मुकाच होता, कारण पट्टीमागच्या वळणावर नळीला मोड पडला होता. चार सेंटिमीटर अधिक लांब नळी घालताच तो बोलला. आणि तो सुरुवातीचा एक स्वर आपोआप, अखंड वाजत होता. त्याची नळी ठीक होती, पण तोटीला केसाएवढी चीर होती आणि तेथून बाहेरची हवा आत येत होती. ती झाळून घेतली. ही ३.९ मिमी भरलेलीच तोटी होती, जिच्याकडे मी पहिल्या दिवशी दुर्लक्ष केले होते.

काल संध्याकाळी ज्यांनी वाद्य दिले त्या बाईंना बोलावले आणि त्यांच्याच जुन्या कागदी रोलांपैकी एक लावला. पेडले त्यांनी स्वतः मारली. मी फक्त कागद सरळ सरकतो आहे की नाही ते पाहत उभा होतो.

जुन्या काळ्या नळ्यांचे तुकडे, एक पीव्हीसीचा तुकडा आणि मापांची चिठ्ठी कागदी पाकिटात घालून खालच्या फळीच्या आतल्या बाजूला ठेवली आहे. माझ्याकडे ११ मीटर नळी उरली आहे. कोणाच्या तोट्या ४ मिमीच्या असतील तर निरोप पाठवा, टपालाने देईन.

मोडी

फार सुंदर काम. चिठ्ठीवर तारीख आणि पुरवठादाराचे नाव लिहिले आहे ना? नसेल तर फळी पुन्हा स्क्रूने बसवण्याआधी लिहा.

थेम्सकाठी

पुरवठादाराचे नाव आहे, तारीख राहिली होती. आता लिहिली.